चावी तुमच्या खिशात होती

प्रिय रफिक उस्ताद,

आज दुपारी तो तुकडा कापला, म्हणून लिहायला बसलोय.

तुम्हाला जाऊन सहा महिने झाले. एवढ्या दिवसांत दोन ओळी खरडायला हात धजावला नाही. आठवीतून उठलेला पोरगा मी, त्यात माझं बूड कुठं टेकत नाही. तुम्ही मला भिंगरी म्हणायचात. तर ही भिंगरी तासभर एका जागी बसली आहे, हेच मोठं समजा!

कुठला तुकडा ते तुम्हाला सांगायला नको. गोरखच्या उसाच्या ट्रॉलीची दांडी, ट्रॅक्टरच्या हुकात अडकते ती. तिच्या जोडावर सगळी भरलेली ट्रॉली ओढली जाते. तो जोड सुटला आणि गोरखचा डावा पाय गेला. पायामागं तुमचं नाव गेलं. नावामागं तुम्ही.

मी आज तो जोड आतून बघितला, उस्ताद. मला आता आबाशेठला सोडायचं नाही. पण त्याच्या आधी थोडं माझं आहे, ते तुम्हालाच सांगायला पाहिजे.

मी चेन्नईच्या पलीकडं, रेल्वेच्या डब्यांचे सांगाडे बनवणाऱ्या कारखान्यात आहे. इथं अर्धं वेल्डिंग रोबोट करतात. नुसता पिवळा हात, त्याच्या टोकाला टॉर्च. त्याला बिडी लागत नाही, बायकोचा फोन येत नाही. अडचणीच्या कोपऱ्यात मात्र अजून माणूसच घुसतो. तिथं आम्ही. गॅसही नुसता सीओटू नसतो, त्यात आरगॉन मिसळलेला, त्यामुळं ठिणग्या कमी उडतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, मशीन चालूच झालं नाही! आपल्या शेडमध्ये माझ्या शर्टाची रोज चाळण व्हायची.

आल्या आल्या त्यांनी आम्हाला टीव्हीवर शिकवलं. वायर बंडलातून आपोआप पुढं सरकते, वितळते, तिच्याभोवती नोझलमधून गॅस येतो, तो गॅस वितळलेल्या लोखंडाला हवेपासून झाकतो. एवढं सांगायला त्यांना अर्धा दिवस लागला. तुम्ही मला नेवासे फाट्याच्या शेडमध्ये चहा गाळता गाळता सांगितलं होतं, "बाळंतिणीला आन् जोडाला वारा लागू द्यायचा न्हाई, बेटा. लागला की फोड येत्यात."

शिंगणापूरला जाणारी माणसं आपल्या शेडसमोर गाड्या थांबवायची. एकानं विचारलं होतं, शिंगणापुरात घरांना दारं नसतात हे खरं का? तुम्ही काच वर करून म्हणालात, "खरं हाय ना! म्हणून तर मी हितं बसलोय. गेट न्हाई, ग्रिल न्हाई, तिथं वेल्डर उपाशी मरंल!" तो माणूस हसत हसत गेला. आठवतं का?

आणि तुमची खंडेनवमी. ती तर सगळ्यांत आठवते.

शेड आबाशेठची, मशीन आबाशेठचं, पण खंडेनवमीची तयारी तुमची. आदल्या संध्याकाळी तुम्ही मशीन पुसायचात, नोझलमधले मणी टोचून काढायचात, वायर मागं घ्यायचात. मग सिलिंडर बंद करून त्याची चावी काढून खिशात टाकायचात. चौकोनी तोंडाची ती चावी तुम्हीच गाडीच्या जुन्या पाट्याच्या तुकड्यातून घडवलेली. सकाळी झेंडूची पहिली माळ मशीनला तुम्ही घालायचात, मग शेठ नारळ फोडायचा, आणि दसरा होईपर्यंत टॉर्चला कोणी हात लावायचा नाही. मी विचारलं होतं, उस्ताद, तुम्ही तर नमाज पढता, तुमची कुठून आली खंडेनवमी? तुम्ही म्हणालात, "सण माझा न्हाई, मशीनचा हाय. वर्षभर राबतंय ते. एक दिवस त्याला बी झोपू दे."

त्या वर्षी माळ घालून तुम्ही सकाळच्याच एस.टी.नं राजूरला गेलात. सलमा आपाला मुलगी झाली होती. लेकीच्या घरी नात बघायला निघालेला माणूस! खिशात खारका, बदाम, आणि सवयीनं ती चावी.

गोरखची ट्रॉली दांडीपायी अडून उभी होती. हुकाचं लोखंड उशिरा आलं होतं, तुम्ही जोड किती केला होता ते मी बघितलं नव्हतं. गोरखला दसऱ्याच्या मुहूर्तावर ट्रॉली न्यायची होती. तुम्ही त्याला सांगितलं होतं, दोन दिवस थांब, दांडी घाईनं जोडायची चीज नाही. गोरख थांबायला तयारही होता. शेठ नव्हता. दसऱ्याला दारातून नवी ट्रॉली गेली नाही तर लोक काय म्हणतील!

पूजा झाल्यावर शेठनं मला पेढे आणायला नेवाशात पाठवलं. परत आलो तर शेडमधून आवाज येत होता. तुम्ही कान तयार केला होता माझा. गॅस बरोबर असला की कढईत भजी सोडल्यासारखा एकसारखा आवाज येतो. हा आवाज फटाक्याच्या माळेचा होता. तडतड, थांब, तडतड. आत गेलो. मशीनची माळ काढून खिळ्याला लटकवलेली. शेठ दांडीपाशी उकिडवा, तुमचं हेल्मेट त्याच्या डोक्यावर.

"काय बघतो रे? दोन टाके राहिले हुते रफिकचे, मारून टाकले," शेठ म्हणाला.

"शेठ, गॅस?"

"वायर जळतीया ना? मंग झालं! पेढा खा."

मी पेढा खाल्ला, उस्ताद.

चावी तुमच्या खिशात होती. पान्यानं फिरवून सिलिंडर उघडता आला असता, पण शेठला तेही सुचलं नाही. टॉर्च तो फक्त फोटोपुरती धरायचा, त्याला वाटलं उजेड पडतोय म्हणजे जोड होतोय. मग त्यानं ग्राइंडर फिरवला, खड्ड्यांत लांबीची पुट्टी भरली, वर लाल रंग मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी गोरख गुलाल उधळत ट्रॉली घेऊन गेला.

तुम्ही राजूरहून आलात तेव्हा खिळ्यावर सुकलेली माळ बघितली होती. मला विचारलंत, "ट्रॉली कशी गेली रं?" मी म्हणालो, शेठनं पाठवली. तेव्हाच खरं सांगितलं असतं तर तुम्ही मोटारसायकल काढून गोरखच्या मळ्यात गेला असता आणि दांडी कापून परत जोडली असती! का नाही सांगितलं मी? शेठ म्हणाला होता दोन टाकेच मारले, खालचा जोड तुमचाच आहे. मी ते धरून बसलो. मला ते धरायला सोपं होतं.

संक्रांतीच्या आधी ती दांडी गेली. कारखान्याच्या रस्त्याला चढ आहे तिथं. ट्रॉली उसानं भरलेली. गोरखला खाली काहीतरी वाजलं म्हणून तो ट्रॅक्टर थांबवून चाकाला दगड लावायला उतरला. तेवढ्यात जोड सुटला आणि ट्रॉली त्याच्या पायावर घरंगळली.

पुढचं तुम्ही आणि मी दोघांनी बघितलंय, पण मला ते परत लिहू द्या. मी ते तोंडानं कोणाला सांगितलेलं नाही.

गोरखची माणसं शेडवर आली. त्याचे म्हातारे वडील पुढं होते. शेठ खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "माझ्याकडं वेल्डर एकच हाय. हा उभाय. इचारा त्याला."

तुम्ही हात पुसत पुढं आलात. "ती दांडी माझी न्हाई, बाबा. खंडेनवमीला मी टॉर्च धरत न्हाई. मी राजूरला हुतो."

तर गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "रफिक, खंडेनवमी तुमची कवापासून झाली रं?"

आणि लोक हसले. तिकडं एका पोराचा पाय कापलेला आणि हे हसले! दरवर्षी तुमच्या हातची माळ बघणारा आबाशेठ, तोही मिशीत हसला. त्यानं एक शब्द बोलायचा होता. "व्हय, हा माणूस नवमी पाळतो." बस. नाही बोलला. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात त्याचं ते हसू आहे, उस्ताद. मी वेल्डिंग करतो तेव्हा काळ्या काचेच्या पलीकडं मला तेच दिसतं.

मग तुम्ही माझ्याकडं बोट केलंत. "या पोराला इचारा. हा हुता हितं."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. तुम्हीही बघितलंत.

मी म्हणालो, "मला म्हाईत न्हाई."

एवढंच म्हणालो. महिन्याभरात शेठनं ओळखीच्या ठेकेदाराला फोन लावला आणि मी इकडं आलो. शेठनं मला धमकी दिली नव्हती, लालूच दाखवली नव्हती. आदल्या आठवड्यात नुसतं म्हणाला होता, "तुला बाहीर जायचंय ना रं? बघू." माझे पाय आधीच शेडच्या बाहेर होते. त्यानं फक्त दार उघडं आहे असं दाखवलं.

तुम्ही मला शिवी का नाही दिली? एक कानाखाली का नाही ओढली? तुम्ही नुसते हेल्मेट खुंटीला लावून घरी गेलात. याचा मला अजून राग येतो. तुमचा राग येतो, खरं सांगतो! बोलायचं ना अजून एकदा! सलमा आपाला बोलवायचं, राजूरच्या बाजारात तुम्हाला बघितलेली चार माणसं आणायची. तुम्ही म्हणे चाचीला सांगितलंत, "पोरगं न्हाई म्हणलं, मग कुणाला इचारू?"

नंतर चाचीकडून कळायचं. तालुक्यात कुठली शेड तुम्हाला घेईना. तुम्ही घरासमोर जुनं काडीचं मशीन मांडून गंजकी गेटं डागायला लागलात. उसाच्या ट्रॉल्या ज्याच्या हातून गेल्या तो माणूस, आणि पोरं येता-जाता ओरडायची, "लांबीवाला!" लांबी तुम्ही आयुष्यात भरली नाही. लांबी कोणी भरली?

तुमचा फोन एकदाच आला. मी पाळीवर होतो. तुम्ही म्हणालात, "गॅसकडं ध्यान ठेव. पंखा लांब ठेव." मी म्हणालो, "उस्ताद, नंतर बोलतो." नंतर कधी?

तुमच्या चाळिसाव्याला आलो. चाचीनं मला आत बोलावून रुमालात गुंडाळलेली चावी हातात दिली. "ते म्हणले हुते, भिंगरी आली तर दे. न्हाई आली तरी ठेव." एवढंच. मी विचारलं, अजून काही म्हणाले का? ती म्हणाली, "अजून काय म्हणतील? तू काय म्हणला हुतास, ते ठेवलंय मी ध्यानात." तिनं मला जेवायला वाढलं, पण समोर बसली नाही.

तिथून मी गोरखच्या घरी गेलो. कुबडी भिंतीला, गोरख ओट्यावर. दांडीचा तुटका तुकडा त्याच्या उशाशी पोत्यात. अडीच वर्षं जपून ठेवलाय! म्हणाला, "रोज सकाळी बघतो. तुझ्या उस्तादला इसरू नये म्हणून." मी म्हणालो, मला दे. त्यानं पोतं पायानं, त्या एकाच पायानं, माझ्याकडं ढकललं. "ने. बघ तुमच्या लोकाचं काम."

तो तुकडा माझ्या पेटीत पाच महिने पडून होता. इथं लॅबमध्ये जोड कापून बघतात. कापायचा, घासून आरशासारखा करायचा, वर ॲसिड लावायचं. मग आतले थर दिसतात, कांदा कापल्यासारखे. मला दुसऱ्याच दिवशी करता आलं असतं. मी भीत होतो. शेठ म्हणाला तसं खाली तुमचा जोड निघाला तर? तुमचे ते तीन थर, मुळाचा, मधला, वरचा, आणि त्यावर शेठचे दोन टाके? मग तर शेठ खरा! आणि माझं 'म्हाईत न्हाई'ही थोडं खरं! मला काय निघायला हवं होतं, तेच मला कळत नव्हतं. बघा, तुमचा शागीर्द किती नासका.

परवा माझी रजा मंजूर झाली, खंडेनवमीची. मग तुकडा पेटीतून काढला.

लॅबमधला मुरुगन चांगला माणूस आहे, मोडकं हिंदी बोलतो. जेवणाच्या सुट्टीत त्यानं तुकडा कापला, घासला, कापसाच्या बोळ्यानं ॲसिड फिरवलं. मी भिंतीकडं तोंड करून उभा. मुरुगन म्हणाला, "ये वेल्डर ने किया, या दुश्मन ने किया?"

मी वळलो. तुमचे थर नव्हते, उस्ताद! एकही नव्हता! तळापासून वरपर्यंत एकच ओबडधोबड गोळा, आणि तो सगळा भोकाभोकांचा. जाळीदार अनारसा असतो ना, तसा. मुळाशी तर लोखंडाला लोखंड लागलंच नव्हतं, नुसतं शेजारी बसलं होतं. वरच्या कडेला लांबीची पांढरी रेघ आणि लाल रंग. दोन टाके म्हणे! सगळी दांडी त्यानं जोडली होती. बिनगॅसची.

मी त्या लॅबच्या फरशीवर बसलो. मुरुगनला वाटलं ॲसिडचा वास चढला. त्यानं पाणी आणलं.

तुम्हाला खरं सांगू, मी आतापर्यंत शेठला शंभर वेळा मारलाय. हातोडीनं मारलाय, शेडला आग लावलीय, त्याच्या नव्या गाडीखाली त्याला दाबलाय. इथं बसून मनात सगळं होतं. पण मारला तर तो बिचारा होईल, त्याचा फोटो लागेल, आणि तुमच्यावरचा डाग त्याच्या राखेखाली तसाच राहील. मला तो जिवंत पाहिजे. खुर्चीत बसलेला पाहिजे. त्याला हसायला लोक पाहिजेत, तेच लोक, आणि मला बघायचंय की त्याचं ते मिशीतलं हसू कुठं जातं.

संध्याकाळी गोरखला फोन केला. सगळं सांगितलं. माळ, फटाक्याचा आवाज, पेढा, भोकं. माझं 'म्हाईत न्हाई' पण सांगितलं.

गोरख म्हणाला, "म्हणजे तू बघितलं हुतंस."

"व्हय."

"दसऱ्याला मी ट्रॉली नेली तवा तू तिथंच हुतास. गुलाल लावला मी तुला."

"व्हय, गोरखभाऊ."

मग म्हणाला, "ये नवमीला. मी बी येतो शेडवर. पण पयलं तुझं सांगायचं, मग त्याचं. आन् तुझ्या कानाखाली एक वाजवायची हाय मला. ती तिथंच वाजवतो, समद्यांसमोर."

मी म्हणालो, वाजव. उस्ताद, अडीच वर्षांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

मग त्यानं विचारलं, "रफिकचाचाच्या घरी मी... आमच्या म्हाताऱ्यानं थुंकलं हुतं रं त्यांच्या दारात. चाची मला घरात घील का?" मला जेवायला वाढलं, म्हणालो. समोर नाही बसली, पण वाढलं.

तर आता ऐका, भिंगरी काय करणार आहे ते.

खंडेनवमीला सकाळी शेठच्या शेडवर नारळ फुटायच्या वेळेला मी पोचणार. आधी चाचीकडून झेंडूची माळ घेणार. तुम्ही नाही म्हणून पहिली माळ मशीनला मी घालणार, शेठनं अडवलं तरी. मग तुमची चावी मशीनवर ठेवणार आणि शेजारी तो कापलेला तुकडा, चकचकीत बाजू लोकांकडं करून. शेतकऱ्याला ॲसिड कळत नसेल, भोक कळतं. शेठला मी एकच विचारणार: त्या नवमीला चावी कुणाच्या खिशात होती? आणि तो बोलायच्या आत, गोरखच्या अटीप्रमाणं, मी स्वतःचं नाव घेणार. मी होतो. मी ऐकलं. मी पेढा खाल्ला. मी म्हाईत न्हाई म्हणालो. ज्यानं तेव्हा 'खंडेनवमी तुमची कवापासून' म्हणून आवाज दिला होता, त्यालाही मी गर्दीत शोधणार आहे. त्याचा आवाज माझ्या कानात आहे, आणि कान तुम्ही तयार केलेला आहे.

त्यानंतर त्या शेडमधून ट्रॉली घ्यायची का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी परत चेन्नईला जाणार नाही, फाट्यावरच राहणार. जो येईल त्याला तुकडा दाखवणार, दरवर्षी नवमीला दाखवणार, आबाशेठ म्हातारा होऊन मरेपर्यंत दाखवणार. हा माझा शब्द आहे.

एका गोष्टीची काळजी करू नका. नवमीला मी त्या मशीनची टॉर्च धरणार नाही. त्या दिवशी टॉर्च बंद ठेवायची, हे तुम्हीच शिकवलंत. तोंड बंद ठेवायचं, हे तुम्ही कधीच शिकवलं नव्हतं. ते मी माझं मी शिकलो होतो, आणि ते आता विसरून येतोय.

तुमची भिंगरी,
संतोष